सुर्ल्याच्या ड्रायव्हरांचा एकेक अपघात

६ ऑक्टोबर, सोमवार

माणूस लिहायला विसरला, की त्याच्याकडे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं, हे कॉम्प्युटरला कसं कळतं? प्रश्न बाबांचा आहे. सकाळी चहात पाव बुडवता बुडवता त्यांनी विचारला. "कळता, कळता," असं म्हणून मी बस पकडायला धावले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की कळतं का, हे मलाच ठाऊक नाही.

विषय निघाला माझ्या कामावरून. मी म्हापशाला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. स्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मालक गौरेश सर, दुसरी मुलगी प्रिया, आणि मी. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, त्यामुळे आई गावात, सुर्ल्यात, सगळ्यांना सांगत फिरते की रेश्मा कॉम्प्युटरला काम शिकवते.

आता माझ्याकडे पहिलं स्वतंत्र काम आलं आहे. खाणी पुन्हा सुरू होताहेत. पेडण्याचे कंत्राटदार कृष्णनाथ शेट आमच्या गावात मालवाहतुकीचे ट्रक लावणार आहेत. ड्रायव्हरांची नोंदणी फक्त ऑनलाइन, आणि तो फॉर्म मी बनवायचा. काही रकाने मोकळे सोडले तर फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नाही. हा तपास पीएचपी नावाच्या भाषेत लिहितात.

या कामाचा मला खरा आनंद आहे. आमच्याकडे खाणीवरचं काम कायम कोणाच्या तरी ओळखीने मिळालं. लहानपणी मी कंत्राटदाराच्या सोप्यावर उभे असलेले बापये, गावची पुरुषमाणसं, पाहिले आहेत. कोणाच्या हातात कोंबडी, कोणाच्या बाटली, आणि तोंडावर ते लाचार हसू. बाबा त्यात नसायचे, पण लांब उभे असायचे. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. फॉर्मला ओळख लागत नाही. फॉर्मपुढे कोणाला हसावं लागत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फॉर्म तयार झाला. एकही रकाना ऐच्छिक ठेवला नाही. नाव, लायसन्स, अनुभव, मागच्या दहा वर्षांतले अपघात, सगळं भरलंच पाहिजे. अर्धवट माहितीची मला चीड आहे. अर्धवट माहितीतच वशिला शिरतो.

तपास एका ओळीत बसला. पीएचपीत एम्प्टी नावाचं तयार फंक्शन आहे. रकान्यातला मजकूर त्याला दाखवायचा, रिकामा असेल तर ते 'हो' म्हणतं. सगळे रकाने एकापाठोपाठ एक त्याच्यापुढून नेले. नुसतं स्पेसचं बटण दाबून फसवणारे असतात, त्यांच्यासाठी आधी ट्रिम लावलं, म्हणजे मोकळ्या जागा छाटल्या जातात. चुकलं की लाल अक्षरांत येतं, 'कृपया ही माहिती भरा'. गौरेश सर इंग्रजीत ठेव म्हणाले होते. मी मराठीसाठी हटून बसले.

मग तपासून पाहिलं. खोटा ड्रायव्हर बनवला, अनुभव पंधरा वर्षं, अपघात दोन. प्रिया म्हणाली, बिचाऱ्याला दोनदा कशाला आपटतेस. खूप हसलो. एकेक रकाना मोकळा सोडून पाहिला. प्रत्येक वेळी लाल. काम चोख आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नोंदणी सुरू झाली. बाबा सुट्टीवर घरी आहेत. खाणी बंद झाल्यापासून ते पेडण्याकडे किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात वॉचमन आहेत. आठवड्यातून एकदा येतात. इतक्या वर्षांत ट्रकला हात लागला नाही, तरी लायसन्स वेळच्या वेळी नवं करतात. आई म्हणते, देवाची पूजा चुकेल, ते चुकणार नाही.

त्यांनी विचारलं, "तो फॉर्म तू केलंस?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "सगळो?" सगळा म्हटलं. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. डिचोलीच्या बाजारात रुद्रेशचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे सगळे फॉर्म भरून घेतात. मी म्हटलं, मोबाइलवर मीच भरते. नको म्हणाले. घरच्या माणसाने भरला असं कोणी म्हणायला नको.

आईच्या डोक्यात नारळ आहे. सुर्ल्यात ड्रायव्हरांची जुनी रीत आहे. हंगामाची पहिली ट्रिप निघते तेव्हा पुढच्या ट्रकसमोर नारळ फोडायचा मान ज्याच्या हातून कधी कोणाला लागलं नाही त्याचा. शेटचा नाही, पुढाऱ्याचा नाही. लाल धुळीत समोरचं दिसायचं नाही अशा रस्त्यावरून, शाळा सुटायच्या वेळी, भरलेला ट्रक न्यायचा आणि कोणाला ओरखडा उठू द्यायचा नाही, ही साधी गोष्ट नव्हे. खाणी बंद होईपर्यंत तो नारळ बाबांनी फोडला. आईने शेजारी आतापासूनच सांगून ठेवलं आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बाबांची नोंदणी झाली! त्यांच्या मोबाइलवर संदेश आला. मी लिहिलेलं वाक्य माझ्या बापाच्या मोबाइलवर: 'आपली नोंदणी पूर्ण झाली आहे.'

ते मात्र म्हणाले, "झाला," एवढंच. जेवले अर्धंमुर्धं. नारळाचं निघालं तेव्हा म्हणाले, यंदा दुसऱ्या कोणाक देवया, मी म्हातारो झालंय. बाबांचा संकोची स्वभाव मला कधी कधी असह्य होतो. मान आपल्या हक्काचा असला तरी घ्यायला लाजायचं. उद्या सकाळी जाणार होते, संध्याकाळच्याच बसने गेले. आईने त्यांना अडवलं नाही, हेही नवल.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. घरोघर पोहे. ऑफिसला सुट्टी असूनही गौरेश सरांनी बोलावलं, कारण ड्रायव्हरांचे फोन थांबत नाहीत. फॉर्म घेत नाही म्हणतात. आधी सर स्वतः घेत होते, आता माझ्या गळ्यात घातले.

काय सांगायचं या माणसांना? चंदगडचे रघुनाथ काका म्हणून एक आहेत, पूर्वी बाबांबरोबर ट्रकवर होते. त्यांनी तीनदा केला. "बाई, तुमचा फॉर्म मला भरा भरा म्हणतोय. मी तर भरलाय की." मी म्हटलं, चष्मा लावून नीट बघा. ते म्हणाले, चष्मा लावूनच बोलतोय. माझा आवाज चढला. बाबा सातवी शिकलेले. त्यांना जमतं, यांना का जमत नाही? वाचायचं नाही, विचार करायचा नाही, कोणीतरी हात धरून करून द्यावं एवढीच अपेक्षा. ही सवय मेली कुठल्याही फॉर्मने जाणार नाही. मला मनापासून वीट आला.

शेटकडून दिवाळीचा बॉक्स आला होता, काजूची मिठाई. सर म्हणाले, शेट तुझ्या कामावर फार खूश आहेत. मी चार वड्या खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहिते. 

सकाळी रुद्रेशच्या दुकानात गेले. फॉर्म कसा भरायचा हे त्याला एकदाच शिकवावं, म्हणजे फोन थांबतील. दुकानात रघुनाथ काका बसलेच होते. मला पाहून उठून उभे राहिले, वयाने बापाएवढे. मी रुद्रेशला म्हटलं, तुम्ही घाईत भरता, म्हणून चुका होतात. तो चिडला नाही. खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बस हांगा. तूंच भर."

मी बसले. काकांना एकेक विचारत गेले. नाव, लायसन्स, अनुभव. अपघात?

"एकबी नाही."

मी शून्य टाइप केलं. बटण दाबलं. लाल अक्षरं आली. 'कृपया ही माहिती भरा.'

मला वाटलं बोट नीट लागलं नसेल. पुन्हा शून्य. पुन्हा तेच. माझंच वाक्य, माझ्याच मराठीत, मला सांगत होतं की मी काही लिहिलेलं नाही. काका मागून म्हणाले, "बघा. तुमालाबी तसंच म्हणतोय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मोबाइलवर शोधलं. पहिल्याच पानावर उत्तर होतं. रकान्यात काही नसेल तर एम्प्टी 'रिकामं' म्हणतं, आणि नुसतं शून्य असेल तरीही 'रिकामं'च म्हणतं. नवशिक्यांनी टाळाव्यात अशा चुकांची जी यादी असते, तिच्यात ही वरच असते. मी दोन अपघातांचा ड्रायव्हर बनवून तपासलं. एकही अपघात नसलेला माणूस असतो, हे ज्या घरात वाढले त्या घरातल्या मुलीला सुचलं नाही.

मग मी रुद्रेशला विचारलं, बाकीच्यांचे फॉर्म कसे गेले?

"एक घालून. धा जाणांचे शून्य घेतले ना, मागीर हांवें सगळ्यांक सांगलें, एक घाला, चलता." तो माझ्याकडे न बघता कागद सारखे करत होता. "तुज्या बापायकूय तेंच. तो आयकना जालो. भायर वचून विडी ओडून आयलो, मागीर म्हणालो, घाल एक. तुका सांगूं नाका म्हणिल्लें ताणें."

दहाजणांचं शून्य फॉर्मने घेतलं नाही, मग सगळ्यांना सांगितलं, एक घाला. बाबांनाही तेच. ते ऐकत नव्हते, बाहेर जाऊन विडी ओढून आले आणि मग घाल म्हणाले. आणि मला सांगू नकोस म्हणाले. बाबांनी विडी सोडली त्याला माझ्या शाळेइतकी वर्षं झाली.

काकांना एक घालू का म्हणून रुद्रेशने विचारलं. काका म्हणाले, "कुणाला धडकवू सांग की. नाव तरी पायजे." आणि छत्री घेऊन गेले.

बाहेर आले आणि गटाराशी ओकले. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारीच दुरुस्ती लिहून ठेवली होती. एम्प्टी काढून टाकलं. आता मोकळ्या जागा छाटून उरलेला मजकूर थेट पाहायचा. एकही अक्षर उरलं नसेल तरच रिकामं. शून्य हे अक्षर आहे, ते उरतं. एवढंच काम. सकाळी सर यायच्या आधी ती चढवली आणि दहा वेळा शून्य भरून पाहिलं. दहाही वेळा गेलं.

सर आल्यावर सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही.

"माहीत आहे गो मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. फोन मी घेत होतो ना तेव्हा."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, शेटची तक्रार आहे का? नाही. मग चूक कुठे आहे? आणि माझ्यासमोर त्यांनी जुना फॉर्म परत चढवला. चहा पीत पीत. बशीत सांडलेला चहासुद्धा प्यायले.

मग जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. शेटनी ड्रायव्हरांचे दोन वर्ग केले आहेत. अपघात नसलेले 'अ'. अपघात असलेले 'ब'. 'ब'ला ट्रिपचा दर कमी, आणि गाडीला काही झालं तर भरपाई ड्रायव्हरच्या माथी, तशी आधीच सही. शेटना वाटलं होतं की चार-दोन माणसं 'ब' मध्ये येतील. आता सगळेच 'ब' आहेत. 'अ' मध्ये कोणी नाही. सर म्हणाले, "मुद्दाम कोणी केलं नाही. आपसूक झालं. देवाने दिलेलं परत करतात का?"

देव म्हणजे मी.

दुपारी शेट स्वतः आले. माझ्या मनात ते कोणीतरी जाडजूड, अंगठ्या घातलेले होते. तसे नाहीत. काटकुळे, पांढरा शर्ट. चपला दाराबाहेर काढून आत आले, प्रियाला तिच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. वाईट माणसं अशी नीटनेटकी असतील तर ओळखायची कशी? मला म्हणाले, "तुझ्या फॉर्माने जादू केली, बाय. ह्या ड्रायव्हरांकडून खरं काढणं पोलिसांना जमलं नाही. तुझ्या फॉर्मापुढे एकूण एक माणसाने अपघात कबूल केला."

मी म्हटलं, शेट, ते खोटं आहे. फॉर्म शून्य घेत नव्हता, म्हणून त्यांनी एक लिहिलं.

"खोटं? सही कोणाची आहे?"

सर मध्येच म्हणाले, ती नवीन आहे. शेटनी हसून विचारलं, कोणाची गो तू? मी नाव सांगितलं. त्यांनी जरा आठवलं. "जयवंत गवसाची? त्याचाही एक आहे. बरा माणूस म्हणून ऐकलं होतं. असो. लिहिलं ते लिहिलं."

आणि मिठाई आवडली का विचारलं. मी, माझ्या तोंडाला आग लागो, हसून हो म्हणाले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी सुट्टी घेऊन पेडण्याला बाबांकडे गेले. ते हॉटेलच्या फाटकात होते, निळ्या गणवेशात. आतून गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, सलाम ठोकायचा, दांडा खाली करायचा. गाडीतली माणसं बघत नाहीत. ज्या हातांनी एवढे ट्रक घाटातून उतरवले त्या हातांना दिवसभर हे काम. मला घाण वाटली. त्यांची नव्हे, आत जाणाऱ्या गाड्यांची.

मी सरळ कारण विचारलं, एक कित्याक लिवलात?

त्यांनी आधी दांडा खाली केला. मग म्हणाले, "फॉर्म शून्य घेयना. रुद्रेश बोललो, फॉर्मात चूक आसा. मी म्हटलंय, फॉर्म माझ्या चेडवान केलेलो. चूक माझीच आसतली."

"पण तुमका ठावक होता, तुमी कोणाक लावक नाय."

"ठावक होता." दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि चूक तुझीच आसली, तर बोंब मारून तुझी पयली नोकरी घालवू? तुका लोक बोलतले त्यापेक्षा माका बोललेले बरे. माका सवय आसा."

त्यांना सवय नाही. त्यांना आजवर कोणी काही बोललेलं नाही. तेवढीच तर त्यांची कमाई होती.

मी रडले असते, पण मागून गाडी आली आणि ते दांड्याकडे गेले. परत येऊन म्हणाले, बस चुकेल, जा. आणि खिशातून कागदात गुंडाळलेला उंडो दिला, सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेला. त्यांचा नाश्ता असणार. बसमध्ये खाल्ला. पाव शिळा झाला होता.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. जिन्यापर्यंत माणसं, चवळीच्या जुड्या, चण्याच्या माळा, सुक्या मासळीचा वास. आज त्या सगळ्याचाच उबग आला. ऑफिसमध्ये गेले तर माझा सर्व्हरचा पासवर्ड बदललेला. सर म्हणाले, राग मानू नकोस, तुझ्या भल्यासाठी. पुढचं काम मोठं आहे, शेटच्या ओळखीने येतं आहे. पगारही वाढेल.

शेटच्या ओळखीने. सोप्यावर उभे असलेले ते बापये आठवले. माझ्या हातात कोंबडी नाही एवढाच फरक, आणि हसू तर सोमवारीच हसून झालं आहे.

प्रियाला विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, "माझी आई आजारी आहे गो. मला नको विचारू." खरं बोलली. त्या ऑफिसात आठवडाभरात ऐकलेलं हे एकच खरं वाक्य.

पहिली ट्रिप सोमवारी आहे. यंदा नारळ शेटच फोडणार असं कळलं. ड्रायव्हरांपैकी कोणाचा हक्कच उरलेला नाही, सगळ्यांचा एकेक अपघात लेखी आहे.

आईला रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. तिला बाबांचं आधीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग गप्प कशी राहिलीस? ती तांदूळ निवडत होती. "तेनी सांगितल्यान, चेडवाक कळता नये. तू इतक्या शिकलंस, तुका आपसूक कळात म्हणान मी वाट बघी होतंय."

२ नोव्हेंबर, रविवार

काल ऑफिसला गेले ती माझ्याकडची तिथली किल्ली घेऊनच. गौरेश सर यायचे होते. किल्ली त्यांच्या मेजावर ठेवली, खाली राजीनाम्याचा कागद. वाटलं होतं, भारी वाटेल. जिना उतरताना फक्त मोकळा श्वास आला, संडासातून बाहेर पडल्यावर येतो तसा.

तिथून डिचोलीला, रुद्रेशच्या दुकानात. कागद मी घरूनच लिहून नेला होता, मोठ्या अक्षरांत. दुकानाच्या काचेवर, रस्त्याकडून दिसेल असा चिकटवला. मजकूर असा:

'ड्रायव्हर नोंदणीचा फॉर्म मी लिहिला. त्यात माझी चूक आहे. अपघात शून्य लिहिले तर फॉर्म ते स्वीकारत नाही. म्हणून अनेकांनी नाइलाजाने एक लिहिला आहे. तो अपघात झालेला नाही. कंपनीला हे कळवूनही दुरुस्ती काढून टाकली गेली. ज्याला हवे त्याला हे मी स्वतंत्र कागदावर सहीनिशी लिहून देईन आणि विचारतील तिथे येऊन सांगेन.'

रुद्रेशने दोनदा वाचला. म्हणाला, "कागद म्हजो, दीक म्हजो, कांच म्हजी. तुजें फकत नांव. शेट पयलीं म्हाकाच धरतलो." मी म्हटलं, काढू का? तो म्हणाला, राहू दे, आणि एक कोपरा निघत होता तिथे स्वतःच्या बोटाने डिंक लावला. झेरॉक्सचे पैसे मात्र घेतले.

रघुनाथ काका पहिले आले. त्यांना कागदाची गरज नव्हती, त्यांनी एक लिहिलंच नव्हतं. तरी घेतला. म्हणाले, "ठेवतो. पोरांना दाखवायला, की बाप वेडा नव्हता." मग एकेक करून बाकीचे. कोणी मला काही बोललं नाही. एकाने फक्त विचारलं, शिकून सुद्धा एवढी साधी चूक कशी होते? मी सांगितलं, होते. सही करून करून बोटं दुखली. आणि ठरलं, मला न विचारता, त्यांच्यातच, की फॉर्म पुन्हा भरून घेईपर्यंत सोमवारी एकही ट्रक सुरू करायचा नाही.

गौरेश सरांचे किती फोन आले मोजले नाहीत. एकच घेतला. म्हणाले, या धंद्यात तुला कोणी उभं करणार नाही. असेलही तसं. शेटचा फोन आला नाही. ते नीटनेटके आहेत, ते उद्या समोर येऊन बोलतील, चपला काढून. ते मानतील की नाही, मला माहीत नाही. मानले नाहीत तर एवढ्या घरांचं काम माझ्यापायी जाईल, हेही मनात आहे आणि ते जात नाही.

बाबा आज सकाळी आले. डिचोलीला उतरले आणि घरी न येता आधी काचेपाशी गेले, हे मला रुद्रेशकडून कळलं. बराच वेळ उभे होते म्हणे. मग घरी आले. शर्ट खुंटीला लावला, जनेल उघडून बाहेर पाहिलं, मागच्या अंगणात गेले आणि कोयता मागितला. आता ते नारळ सोलत बसले आहेत. ट्रक सुटणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी सोलताहेत. शेंडी नीट राखून.

आईने मला विचारलं, आता काय करतलंस? मी म्हटलं, करायचं होतं ते काल केलं. तिने विचारलं, कागदाखाली नाव कोणाचं घातलंस? माझं, म्हटलं. नुसतं माझं नव्हे, पूर्ण. रेश्मा जयवंत गवस.